पाव आटा जास्त

विमानात सगळ्यात अवघड काय असतं, असं मला कोणी विचारलं तर मी पंख म्हणणार नाही आणि इंजिनही म्हणणार नाही. मी म्हणेन, नळी. पेट्रोलच्या टाकीतून निघून इंजिनापर्यंत जाणारी, करंगळीएवढी ॲल्युमिनियमची नळी, आणि तिच्या टोकाचा नट. पण असं मला अजून कोणी विचारलेलं नाही. अकोटात लोक एवढंच विचारतात, "काय भाऊ, ते उडलं का?"

'ते' म्हणजे माझं विमान. सहा वर्षं झाली, गावात त्याला कोणी विमान म्हटलेलं नाही. "भगवंतरावांचं ते कुठवर आलं?" असं विचारताना लोकांचा चेहरा दवाखान्यात भेटायला आल्यासारखा होतो. मी ते मनाला लावून घेत नाही. म्हणजे घेतो, पण दाखवत नाही.

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं अनुरेखक होतो. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तेच कालवे, तीच गावं, तीच शेतं पुन्हा काढायची. एकतीस वर्षं जो माणूस पूर्णा नदीकडे वरून पाहत बसला, त्याला एक दिवस खरोखर वरून पाहावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? नकाशात पूर्णा निळी असते. ती वरून तशीच दिसते का, एवढंच मला पाहायचं होतं. हे मी हिला, म्हणजे संध्याला, सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "कालव्यात पाणी हाय का तेबी पाह्यजा." मी ती परवानगी समजलो.

खुशालरावांच्या कापसाच्या जिनिंगचं एक जुनं शेड आमच्या घरासमोर रिकामं पडून होतं. त्यात मी ते बांधलं. नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, आणि एकच माणूस बसेल एवढी जागा. शेडच्या वाशांत कित्येक हंगामांचा कापूस अडकलेला आहे. दुपारी वारा सुटला की त्याचे पुंजके सुटे होतात आणि उन्हाच्या तिरपेतून सावकाश खाली येतात. मी विमानात बसून ते पाहत राही. कापूस खाली येतोय की मी वर चाललोय, हे थोड्या वेळाने कळेनासं होई. कितीतरी दुपारी मी असा सातपुड्यावर जाऊन आलो आहे. नरनाळ्याच्या बुरुजावरून वळायचो, मोर्शीच्या संत्र्यांपर्यंत जायचो आणि चहाच्या वेळेला परत यायचो. उडवायचं रीतसर शिकलो आहे, त्याचा कागदही आहे, पण त्या दुपारच्या उड्डाणांना कागद लागला नाही.

तर नळी. नळी जोडायची रीत पुस्तकात एका पानात दिली आहे. नळी कापायची, टोक घासायचं, तिच्यावर आधी नट चढवायचा, मग एक बारीक बांगडी चढवायची, आणि मग नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं. हे तोंड समोरच्या जोडावर बसतं आणि नट त्याला मागून धरून ठेवतो. वाचायला अगदी सोपं आहे. पण तोंड पसरवणं हे माझं काम नव्हे, हे मला माहीत होतं. म्हणून मी उस्मानला बोलावलं.

उस्मान फ्रिज आणि कूलर दुरुस्त करतो. मे महिन्यात अकोटात त्याला जो मान असतो, तो कलेक्टरलाही नसावा. तो आला, त्याने नळी डोळ्यासमोर धरली आणि म्हणाला, "साहेब, तीस वर्षं झाले मले नळीचे तोंडं खोलता खोलता. ये तो अपने घर का काम है."

आणि खरंच त्याने असं तोंड उघडलं की पाहत राहावं. आम्ही दोघंही पाहत राहिलो. संध्याने चहा आणला, तो पिताना पाहिलं. खुशालराव आले, त्यांना दाखवलं. मग मी नळी बसवायला घेतली तेव्हा उस्मानने शर्टाच्या खिशाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. नट खिशात होता. तोंड एकदा पसरलं की त्यावरून नट चढत नाही. तो आधी चढवायचा असतो हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"आधी नट, मंग चहा," संध्या कप उचलताना म्हणाली. तिने हे वाक्य पुढे पंधरा दिवस वेगवेगळ्या प्रसंगी वापरलं.

दुसऱ्यांदा नट चढवला, बांगडी चढवली, तोंड पसरवलं, आवळलं. टाकीत पेट्रोल ओतून जोडाखाली कोरा कागद ठेवला. कागदावर थेंब पडला. पुन्हा पुस्तक काढलं. फ्रिजच्या नळीचं तोंड पंचेचाळीस अंशांत उघडतात आणि विमानाच्या नळीचं सदतीस अंशांत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. उस्मानला हे पटेना.

"आठ डिग्रीनं का फरक पडते साहेब? अकोल्यात पंचेचाळीस रायते अन् पाऊस आला का सदतीस होते. आमी काय गळून राहिलो?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं. सदतीस अंशांचं हत्यार बंगळुरूहून टपालाने यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी परवानग्यांच्या मागे लागलो, आणि त्यातल्याच एका कागदाने पुढचं सगळं रामायण घडवलं. तेव्हा मला ते कळलं नाही.

एका कार्यालयाने मला सांगितलं की पोलिसांचं ना हरकत पत्र आणा. मी ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी माझा अर्ज शांतपणे पूर्ण वाचला. असा अर्ज पूर्ण वाचणारा माणूस मला सहा वर्षांत पहिल्यांदाच भेटत होता.

"उडणार आमच्या हद्दीतून," ते म्हणाले. "बराबर. पडणार कोणाच्या?"

मी म्हणालो, पडणार नाही.

"तुमी नाई म्हणसान. पण पडलं तं पंचनामा कोण करीन? आमीच नं? मंग लिहून द्या."

आणि त्यांनी सांगितलं तसं मी माझ्या सुरेख अनुरेखकी अक्षरात लिहून दिलं: 'सदर विमान पडल्यास अर्जदार या ठाण्याची हद्द ओलांडूनच पडेल.' खाली साक्षीदार म्हणून पत्नीची सही हवी होती. मी घरी येऊन हसत हसत तो कागद संध्यापुढे ठेवला. ती हसली नाही. तिने चष्मा लावला, वाचलं, 'पडल्यास' या शब्दावर बोट ठेवून आणखी एकदा वाचलं आणि सही केली. मग कणीक मळायला गेली. कणीक त्या दिवशी फार घट्ट झाली होती, हे मला आता आठवतं.

हत्यार आलं. तिसरा जोड केला. रात्रभर खाली कागद ठेवला, सकाळी कोरडा. मी त्या दिवशी जेवताना थेट बार्शीटाकळीपर्यंत उडून आलो. तिसऱ्या दिवशी कागदावर थेंब! तोंडाला केसाएवढी चीर पडली होती. चौथा जोड केला. तोही चार दिवस कोरडा राहिला आणि पाचव्या दिवशी गळला. उस्मान म्हणाला नळी खराब, मी म्हणालो हत्यार खराब, आणि शेजारच्या पार्बताबाई म्हणाल्या की नजर लागली, एक निंबू बांधा. मी निंबू बांधलं. माझ्या शास्त्रीय वृत्तीबद्दल कोणी शंका घेऊ नये, पण निंबूने वजन फारसं वाढत नाही.

मग एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर शेडमध्ये गेलो तर खुशालराव विमानात डोकं घालून उभे. हातात माझा पाना.

"काय करताय?"

"काई नाई. नटाले पाव आटा देला. ढिलं वाटून राहिलं होतं."

"कितव्यांदा?"

खुशालरावांनी हिशेब केला. "येतो तवा देतो. तुमाले काय वाटते, आमाले काळजी नाई? आमचा धंदाच दाबाचा हाय भाऊ. कापसाची गठाण जितकी दाबली तितकी पक्की."

चौकशीअंती कळलं की पार्बताबाईही देत होत्या. "म्या तं पाह्यलंच फक्त," त्या म्हणाल्या. "पाहाले गेली तं पाना हातात आला. लोणच्याच्या बरणीले आपण झाकण लावतो तं शेवटी एक हिसका देतोच का नाई? देतोच!" उस्मान पण जाता-येता हाताचा अंदाज घेऊन जायचा. म्हणजे माझ्या त्या एका नटाला अख्ख्या गल्लीचं प्रेम रोज पाव-पाव आट्याने मिळत होतं.

आमच्याकडे ही रीतच आहे. खाटेची दोरी असो, गठाण असो, पाहुण्याला केलेला आग्रह असो, ढिलं काही राहिलं तर आपली माया कमी पडली असं माणसाला वाटतं. मी त्यांना बसवून समजावलं की हा जोड कमी आवळणं वाईट आणि जास्त आवळणं तितकंच वाईट. जास्त आवळला की ॲल्युमिनियमचं तोंड चेपून पातळ होतं आणि चिरतं. त्यासाठी एक खास पाना असतो, ठरलेल्या जोराला पोचला की तो 'टक्' असा आवाज करतो. टक् झालं की थांबायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खुशालराव म्हणाले, "अन् टक् झाल्यावर थोडसं?"

मी पाटी लावली: 'नटास हात लावू नये.' पाटी वाचायला लोक आत येऊ लागले आणि वाचून झाल्यावर कोणता नट ते हात लावून विचारू लागले. तेव्हा पुस्तकातला शेवटचा उपाय केला. नट आणि जोड यांच्यावरून रंगाची एक आडवी रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. असा खास रंग मिळतो, पण अकोटात नाही. संध्याने कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली काढून दिली. भाचीच्या लग्नात आणलेली, एकदाच वापरलेली. मी पाचवा जोड केला, टक् झाल्यावर थांबलो आणि एक रेघ ओढली. एकतीस वर्षांत मी इतकी सरळ रेघ कधी ओढली नव्हती. शेडला कुलूप लावलं. खुशालराव स्वतःच्याच शेडला माझं कुलूप पाहून दुखावले. पार्बताबाईंनी आमच्याकडे कढी पाठवणं बंद केलं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक संध्याकडे, कारण दुपारचा चहा ती आणायची.

रोज सकाळी मी रेघ पाहायचो. रोज ती अखंड असायची. तेवढ्यात विमान खात्याकडून पत्र आलं: तपासणीला अमुक तारखेला येत आहोत.

त्या पत्राचा अर्थ मला पाठ होता. तपासणीत पास झालं तर इंजिन सुरू करायची आणि उडायची परवानगी. नापास झालं तर फाईल बंद आणि नवा अर्ज पहिल्यापासून, म्हणजे आणखी तीन वर्षं. मी चौसष्टचा आहे. डॉक्टरांनी माझ्या तब्येतीच्या दाखल्यावर सही करताना या वेळीच जरा उसासा टाकला होता. शिवाय दसऱ्यानंतर खुशालरावांना कापसासाठी शेड हवं होतं. म्हणजे ही एकच वेळ होती. मी त्या आठवड्यात स्वप्नातही उडलो नाही. मला भीती वाटत होती.

तपासायला सीमा काळमेघ मॅडम आल्या. चाळिशीच्या, अंगावर साधा सुती कुर्ता, हातात छोटा आरसा आणि बॅटरी. कोणाशी गोड बोलायचं नाही असं ठरवून आलेल्या दिसत होत्या. त्या पंखांवरून हात फिरवत गेल्या, निंबूकडे पाहिलं. मग टाकीचा कॉक उघडायला सांगितला आणि जोडाखाली कोरा कागद धरला.

दाराशी खुशालराव, उस्मान आणि पार्बताबाई उभे होते, रुसवा विसरून. कागदावर थेंब पडला. मग आणखी एक.

"मॅडम, रेघ पाहा," मी म्हणालो. "रेघ अखंड आहे. कोणीही हात लावलेला नाही."

मॅडमनी कॉक बंद केला आणि आरसा नटामागे धरला. मग नखाने हळूच खरवडलं. "ही नेलपॉलिश आहे," त्या म्हणाल्या. "आणि ही एकदा लावलेली नाही. पुसून पुन्हा लावली आहे. नटाच्या कडेला जुन्या रेघांची टोकं राहिली आहेत. एक, दोन... सहा. सहा वेळा नट फिरवून सहा वेळा नवी रेघ ओढली आहे. रेघ मात्र फार सरळ आहे."

मी वळून खुशालरावांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. पार्बताबाईंनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. उस्मान म्हणाला, "कसम से साहेब." आणि किल्ल्या तर दोनच होत्या.

संध्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो पंखाखालच्या स्टुलावर ठेवला.

"म्या फिरवला," ती म्हणाली. "तुमी नळावर हात धुवाले जात होते तवा. एका पान्यानं मागचं धरून अन् दुसऱ्यानं थोडसा. तुमी करता तसाच."

"संध्या, मी तुझ्यादेखत सगळ्यांना सांगितलं होतं—"

"आयकलं नं मी. पण त्या कागदावर सही कोणाची हाय? पडल्यास. मी बसून राहिली काय त्याच्यात? तुमी बसून राहिले. एकटेच." तिचा आवाज फाटला. "मले ते टक् आयकूच येत नाई अजी. मले वाटते अजून थोडं राह्यलं."

वरून कापसाचा एक पुंजका सुटला आणि आमच्या मधून सावकाश खाली आला. मला तिच्यावर चिडायचं होतं. सहा वर्षं पाण्यात चालली होती, लोकांसमोर माझी शोभा झाली होती, चिडायचा मला पूर्ण हक्क होता. पण मला तिची ती घट्ट कणीक आठवली.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "नळी दुसरी आहे?"

नव्हती. पण वळणापाशी मी थोडी नळी जास्त ठेवली होती. एकदा कापायला पुरली असती, दुसऱ्यांदा नाही.

"मी अर्धा तास थांबते. चहा पिते," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर जे दिसेल ते लिहीन."

मी चिरलेलं तोंड कापून टाकलं. टोक घासलं, नट आणि बांगडी पुसायला काढली, नळी हत्यारात धरली. दांडा फिरवणार, तेवढ्यात डोळ्यासमोर एक तळहात आला. तळहातावर नट आणि बांगडी.

"आधी नट," संध्या म्हणाली.

दाराशी उस्मानने डोळे मिटून घेतले. मी नळी हत्यारातून सोडवली, नट चढवला, बांगडी चढवली, तोंड पसरवलं, नळी जोडावर बसवली आणि नट हाताने फिरतो तिथवर फिरवला. मग तो खास पाना उचलला आणि तिच्या हातात दिला.

"तू आवळ."

"मी?"

"मागचं मी धरतो. टक् झालं की थांब."

तिने पदर खोचला आणि पाना लावला. सगळे पुढे सरकले. पाना फिरत गेला, तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि आवाज आला: टक्.

ती थांबली. पाना हातातच होता, बोटं दांड्यावर पांढरी पडली होती. मी त्या बोटांकडे पाहत होतो. खुशालरावांच्या तोंडून "थोडसं..." निघालं आणि पार्बताबाईंनी त्यांना कोपर मारलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"येवढंच?"

"एवढंच."

तिने पाना काढून माझ्या हातात दिला. मग नेलपॉलिशची बाटली उघडली आणि रेघ ओढली. तीही सरळ. सहा वेळा सराव झाला होता.

कॉक उघडला. कागद पंधरा मिनिटं खाली राहिला. मॅडमनी तो उचलून उजेडात धरला, उलटून पाहिला, आणि त्याच कोऱ्या कागदावर पास असं लिहून सही केली. बाकीच्या अर्जावर नंतर सही केली. जाताना त्या संध्याला म्हणाल्या, "ती बाटली जपून ठेवा."

परवा सकाळी, जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जमिनीच्या पट्टीवरून, ते उडलं. मी एकच चक्कर मारली. पूर्णा निळी नाही, मातकट आहे, हे मी खात्यात असताना कोणाला सांगितलं असतं तर नकाशे बदलावे लागले असते. कालव्यात पाणी नव्हतं. खाली गल्ली दिसली, शेड दिसलं, पार्बताबाईंच्या गच्चीवरच्या कुरडया दिसल्या, आणि पट्टीच्या कडेला हिरव्या लुगड्यातला एक ठिपका. सगळे हात हलवत होते. तो ठिपका हलत नव्हता. मला खाली यावंसं वाटलं, म्हणून मी आलो.

इंजिन थांबलं तसे सगळे माझ्याकडे धावले. संध्या माझ्याकडे आली नाही. ती सरळ इंजिनापाशी गेली, वाकली, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"रेघ तशीच हाय," ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिथेच चाकाला टेकून बसून ती रडली.